ध्वनियंत्र : चालू ठेवावे की बंद करावे?

चेन्नईच्या जॉर्ज टाउन भागात, बंदराजवळ, ‘बर्मा बाजार’ आहे. ब्रह्मदेशातून परत आलेल्या निर्वासितांनी उदरनिर्वाहासाठी 1969 मध्ये तो सुरू केला. परदेशी रेडिओ, टेपरेकॉर्डर यांसाठी तो प्रसिद्ध झाला. अशी वस्तू पदरचे पैसे साठवून घेतली, की ती टिकावी असे प्रत्येकास वाटते. मग प्रश्न पडतो : वापर नसताना यंत्र चालू ठेवावे की बंद करावे? ‘वारंवार चालू-बंद केल्याने यंत्र बिघडते’ असे काही जण सांगतात. या समजुतीचे मूळ आपण पाहू.

जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. त्यांतील तार तापल्याशिवाय आवाज येत नसे. तार थंड असताना बटण दाबले, की क्षणभर तिच्यातून जास्त वीज वाहते व तिच्यावर ताण पडतो. इंग्लंडमध्ये 1944 साली कार्यान्वित झालेल्या ‘कोलोसस’ या गणनयंत्रात दीड हजारांहून अधिक व्हॉल्व्ह होते. ते सतत चालू ठेवल्यास क्वचितच निकामी होतात, हे त्याचे निर्माते टॉमी फ्लॉवर्स जाणून होते. मात्र चालू व्हॉल्व्हही हळूहळू झिजतोच. म्हणून घरचा व्हॉल्व्हचा रेडिओ पाच-दहा मिनिटांसाठी बंद करू नये; रात्री मात्र अवश्य बंद करावा.

ट्रान्झिस्टरच्या यंत्रात अशी तार नसते. त्याचा खरा शत्रू उष्णता होय. आतील काही कपॅसिटरांमधील द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढले, की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. म्हणजे असे यंत्र विनाकारण चालू ठेवल्यास त्याचे आयुष्य घटते.

आता खर्च पाहू. समजा, एक ॲम्प्लिफायर आवाज नसतानाही 30 वॅट वीज घेतो. दिवसाचे 24 तास आणि महिन्याचे 30 दिवस तो चालू राहिला, तर 21.6 युनिट वीज वाया जाते. रिमोटने बंद केलेले यंत्रही थोडी वीज घेतच असते; म्हणून भिंतीवरील बटण बंद करावे.

ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी सुरू करावा व सर्वांत आधी बंद करावा. त्यामुळे स्पीकरला धक्का बसत नाही. विजा कडाडू लागण्यापूर्वीच प्लग काढून ठेवावा, कारण केवळ बटण बंद केल्याने यंत्र सुरक्षित राहत नाही. थोडक्यात, ऐकून झाले, की यंत्र बंद करावे. त्यात यंत्राचेही हित आहे आणि आपलेही.