घरच्या संगणकाची यादी

झाशी सोडून गाडी ललितपूरच्या दिशेने निघाली की थोड्याच वेळात बिजौली नावाचे लहानसे स्थानक लागते. परिसरात औद्योगिक वसाहत आहे, सभोवार बुंदेलखंडाचा ग्रॅनाइटचा माळ पसरला आहे, आणि वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे येथे कोणाला नवलाचे वाटत नाही. नेवाळकरांच्या काळापासून झाशीच्या परिसरात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. १८४२ साली मनकर्णिकेचे लग्न ज्या गणेश मंदिरात लागले, ते झाशीत आजही आहे. माझ्या मावसबहिणीचे सासर अशाच एका कुटुंबातले. मागल्या उन्हाळ्यात तिच्या घरी गेलो असता भाचीने माझ्या हातात वहीचा एक कागद ठेवला. बारावी झालेली ही मुलगी संगणकशास्त्र शिकणार आहे. वडिलांनी चाळीस हजार रुपये बाजूला काढले होते, आणि तयार संगणक न घेता सुटे भाग आणून तो स्वतः जुळवावयाचा, असा तिचा बेत होता.

“मामा, एवढी यादी बघून द्या. बाबा म्हणतात, मामांनी हो म्हटले तरच पैसे.”

वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या घरी असा कागद आला नसेल, तर आज ना उद्या येईल. म्हणून त्या यादीची हकीकत येथे सविस्तर सांगतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. संगणक जुळविणे म्हणजे तो बनविणे नव्हे. खऱ्या अर्थाने संगणक बनविणारी मंडळी वेगळी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो संगणक पुरा झाला आणि ज्याचे १९६२ साली पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले, त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० डायोड आणि १२,५०० रोधक होते, आणि ते सारे जोडणे हे त्या तरुण शास्त्रज्ञांचे काम होते. आज ते कष्ट कारखान्यात होऊन गेलेले असतात. आपल्याकडे येतात ते सात-आठ तयार भाग. १९८१ साली आय. बी. एम. कंपनीने आपला घरगुती संगणक बाजारात मिळणाऱ्या भागांतून बनविला आणि त्याची रचना झाकून ठेवली नाही; पुढे १९९५ साली मदरबोर्डाचा आकार, त्याच्या स्क्रूंच्या जागा आणि वीजपुरवठ्याची जोडणी यांचे ‘एटीएक्स’ नावाचे प्रमाण ठरले. त्यामुळे एका देशात बनलेला बोर्ड दुसऱ्या देशात बनलेल्या पेटीत नेमका बसतो. स्क्रू-ड्रायव्हर धरता येणाऱ्या कोणालाही एका दुपारी हे काम जमते. कठीण आहे ती निवड.

भाचीच्या यादीत प्रोसेसर होता इंटेलचा आय-३ १२१०० एफ. किमतीच्या मानाने चांगला. परंतु शेवटच्या ‘एफ’ या अक्षराकडे तिचे लक्ष गेले नव्हते. हे अक्षर ज्याच्या नावाअखेर असते, त्या प्रोसेसरमध्ये चित्र उमटविणारा विभाग वापरता येत नाही. त्याला निराळे ग्राफिक कार्ड लावावे लागते. ते यादीत नव्हते. म्हणजे सारे भाग जुळवून, देवापुढे नारळ फोडून, कळ दाबली असती तर पंखे फिरले असते आणि पडदा मात्र काळाच राहिला असता. तोच प्रोसेसर ‘एफ’ वाचून मिळतो, किंमत थोडी अधिक पडते, आणि अभ्यास, प्रोग्रॅमिंग, हिशेब, चित्रफिती यांसाठी निराळ्या कार्डाची गरज राहत नाही. ए. एम. डी. कंपनीच्या प्रोसेसरांत याच्या उलट गोष्ट पुष्कळदा आढळते. तेथे ५६०० जी मधला ‘जी’ चित्रविभाग असल्याचे सांगतो, आणि नुसत्या ५६०० मध्ये तो विभाग नसतो.

दुसरी चूक रॅमची. बोर्ड तिने डीडीआर-४ चा लिहिला होता आणि पट्टी डीडीआर-५ ची. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्या, लांबीही तीच. परंतु खालची खाच वेगळ्या जागी असते आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बसत नाही हेच बरे, कारण बळेच दाबणारे महाभागही असतात. येथे भाचीचा दोष थोडाच. एकाच नावाचा बोर्ड दोन्ही प्रकारांत विकला जातो आणि फरक नावाच्या शेपटीत लपलेला असतो. मी तिला डीडीआर-४ वरच थांबावयास सांगितले. आठ-आठ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, सोळाची एक घेऊ नये. कारण प्रोसेसरमधल्या चित्रविभागाला स्वतःची स्मृती नसते, तो ह्याच रॅममधून उसनवारी करतो, आणि दोन पट्ट्या असल्या की देवघेवीच्या वाटा दोन होतात. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव पुष्कळच चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांना लागणाऱ्या स्मृतीकडे कारखाने वळले आणि घरगुती गिऱ्हाइकाच्या वाट्याला कमी माल राहिला. हात आखडताच असेल, तर आठची एक पट्टी घेऊन दुसरी खाच मोकळी ठेवावी. रॅम मागाहून वाढविता येते.

येथवर ती मान डोलावीत ऐकत होती. यादीच्या तळाशी मात्र तिने लिहिले होते: “एसएमपीएस – कोणताही.”

त्या एका शब्दापाशी मी थांबलो. का थांबलो, ते सांगण्यासाठी मला माझीच एक जुनी गोष्ट सांगावी लागेल.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही असाच संगणक जुळविला होता. दुकानदाराने कॅबिनेटबरोबर एसएमपीएस ‘फुकट’ दिला. त्यावर ४५० वॅट असे ठळक छापलेले होते आणि वजन मिठाईच्या रिकाम्या डब्याइतके होते. दीड वर्ष तो चालला. एका पावसाळी रात्री वीज दोनदा गेली, दोनदा आली, फटाका वाजावा तसा आवाज झाला आणि खोलीत जळका वास पसरला. एसएमपीएस गेला तो एकटा गेला नाही. बोर्ड गेला आणि हार्ड डिस्कही गेली. डिस्कवर माझ्या अनुवादांचे दोन वर्षांचे खर्डे होते. ते पुन्हा लिहिता आले. वडिलांच्या शेवटच्या दिवाळीत मी त्यांच्या आवाजात घरच्या जुन्या हकीकती ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. त्यांची दुसरी प्रत नव्हती.

एसएमपीएसचे काम असे की, भिंतीतल्या २३० व्होल्टच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची स्थिर, एकदिश वीज बनवून प्रत्येक भागाला पोहोचवावयाची. घरातल्या पाण्याच्या टाकीसारखे हे आहे. टाकी फुटली तर नुकसान टाकीपुरते राहत नाही. चांगल्या एसएमपीएसमध्ये दाब वाढताच पुरवठा तोडणारी संरक्षक योजना असते. स्वस्तात मिळणाऱ्या निनावी मालात पहिली काटकसर नेमकी तिथेच केलेली असते. वेष्टनावरच्या वॅटच्या आकड्यावर विश्वासू नये. नामांकित बनावट, तीन ते पाच वर्षांची लेखी हमी आणि ‘८० प्लस’ ही खूण, एवढे पाहावे. ही खूण काटकसरीची आहे, म्हणजे घेतलेल्या विजेतील निदान ऐंशी टक्के कामी येते असे ती सांगते. ती सुरक्षिततेची सनद नव्हे. परंतु ज्या कारखानदाराने ही चाचणी करवून घेतली आहे, त्याने बाकीची हयगय केली असण्याचा संभव कमी.

आणि वॅट लागतात किती? आम्ही दोघांनी हिशेब मांडला. प्रोसेसर ऐन भरात असताना ८९ वॅटपर्यंत जातो. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून चाळीस-पन्नास धरा. म्हणजे दीडशेच्या आत. ४५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरून उरतो. दुकानात साडेसातशेचा गळ्यात मारू पाहतील. ग्राफिक कार्ड घ्यावयाचे नसेल तर तो पैसा व्यर्थ. याच हिशेबाने यूपीएसही ठरला. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॅट पेलतो. वीज गेल्यावर काम जतन करून संगणक रीतसर बंद करावयास जी पाच-दहा मिनिटे लागतात, ती त्याच्याकडून मिळतात. त्यावर तासन् तास काम चालेल अशी अपेक्षा ठेवू नये.

बिजौलीच्या हवेचा प्रश्न निराळा. भाचीने कॅबिनेट निवडले होते समोरून काचेचे, रंगीबेरंगी दिव्यांचे. दिसावयाला मोठे देखणे. परंतु पंखा हवा थंड करीत नाही, तो फक्त खोलीतली हवा आत नेतो आणि तापलेली बाहेर काढतो. खोलीत पंचवीस अंश असताना प्रोसेसर सत्तरपर्यंत तापत असेल, तर ४५ अंशांच्या खोलीत तोच नव्वदच्या घरात जातो. ह्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची. तेथे पोहोचला की तो स्वतःला वाचविण्यासाठी आपली गती कमी करतो. जळत नाही, पण ज्या वेगासाठी पैसे मोजले तो वेग मिळत नाही. समोर काच असली म्हणजे हवेला वाट अरुंद. म्हणून समोर जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे, आणि त्या जाळीआड धूळ अडविणारा, काढून धुता येणारा पडदा असावा. हवा आत घेणारे पंखे दोन आणि बाहेर टाकणारा एक ठेवला, तर आतला दाब किंचित अधिक राहतो आणि फटींतून धूळ शिरत नाही.

बहिणीने विचारले, “मग कूलरसमोर ठेवला तर?” बुंदेलखंडात उन्हाळ्यात घरोघरी वाळ्याच्या ताट्यांचे कूलर घरघरत असतात, तेव्हा प्रश्न रास्त होता. कूलरने खोलीचे तापमान उतरते, ते संगणकाच्या हिताचेच. पण त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर येऊ देऊ नये. पाण्याचे बारीक तुषार आणि ओली धूळ मिळून पंख्याच्या पात्यांवर असा लेप बसतो की, तो नुसत्या फुंकरीने जात नाही.

काचेचे कॅबिनेट सोडताना भाचीचा चेहरा उतरला. ते मला समजण्याजोगे होते. आपल्या हातची पहिली वस्तू चार मैत्रिणींना दाखवावी, यात गैर काय? तडजोड अशी झाली की एका कुशीला काच असलेले, पण समोरून जाळीचे कॅबिनेट पाहावयाचे.

बाकीचे भाग फारसा विचार करावयास लावीत नाहीत. एसएसडी ५०० गिगाबाइटची एनव्हीएमई प्रकारची असावी. फिरत्या तबकडीची जुनी डिस्क मुख्य कामासाठी घेऊ नये, मात्र दुसरी प्रत ठेवण्यासाठी एक बाहेरची डिस्क अवश्य घ्यावी. ही मी यादीत माझ्या हाताने लिहिली. पडदा, कळफलक, माउस डोळ्यांना आणि हातांना रुचतील ते.

भावोजींचा एक सवाल राहिला होता. “एवढ्या खटाटोपापेक्षा लॅपटॉप का नको?” मुलगी वसतिगृहात राहणार असती, तर मीही लॅपटॉपच सांगितला असता; त्याला स्वतःची बॅटरी असते, विजेची चिंता नाही. पण ती झाशीच्याच महाविद्यालयात जाऊन-येऊन शिकणार आहे, संध्याकाळी त्याच यंत्रावर भावोजी हिशेब करणार आहेत, आणि चार वर्षांनी एखादा भाग जुना वाटला तर तेवढाच बदलता येणार आहे. इंटेलच्या बाराव्या पिढीचा हा बोर्ड तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसरही, आतली आज्ञावली अद्ययावत केल्यावर, स्वीकारतो. कचेऱ्यांतून निघालेले जुने संगणक दुरुस्त करून विकतात, तेही अगदी तुटपुंज्या पैशांत वाईट नसतात.

खरेदी कोठे करावी? मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहे, दिल्लीकरांना नेहरू प्लेस. झाशीहून दिल्ली एका दिवसात जाऊन-येऊन साधते आणि भावात फरक पडतो. परंतु बिघडलेला भाग बदलून घेण्यासाठी पुन्हा चारशे किलोमीटर जाणे परवडत नाही. म्हणून एसएमपीएस आणि बोर्ड जवळच्या, बदलून देण्याची जबाबदारी घेणाऱ्या दुकानातून, आणि बाकीचे जेथे स्वस्त मिळतील तेथून घ्यावे, असे ठरले. प्रत्येक वस्तूचे पक्के बिल घ्यावे, त्यावर वस्तूचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि खोकी वर्षभर फेकू नयेत.

निघण्याआधी ज्या कोपऱ्यात टेबल मांडावयाचे होते, तो पाहावा म्हणून आत गेलो. तेथे कपाटावर जुना स्टीलचा टेबलफॅन होता. बहिणीने सहज सांगितले की, अनवाणी उभे राहून त्याला हात लावला तर मुंग्या येतात. टेस्टर मागवून पाहिले. त्या खोलीतल्या तीन छिद्रांच्या सॉकेटमध्ये वरचे मोठे छिद्र होते, पण त्याच्या मागे तारच जोडलेली नव्हती. अर्थिंग नसले, तर चांगल्यातला चांगला एसएमपीएसही आपल्या लोखंडी पेटीवर उतरणारी वीज जमिनीत सोडू शकत नाही. ती पेटीवरच राहते आणि हात लावणाऱ्याची वाट पाहते.

भाचीने कागद परत मागून घेतला. ‘कोणताही’ हा शब्द खोडला, नवी यादी उतरविली आणि पहिल्या ओळीवर प्रोसेसरच्याही आधी लिहिले: “अर्थिंग.” भावोजींनी त्याच संध्याकाळी वायरमनला फोन केला. तो सोमवारी येतो म्हणाला.