कॅरॅव्हॅनला जपायचं ते उभी असताना!

नवेगावबांधच्या तलावाकाठी कॅरॅव्हॅनमध्ये मुक्काम करायचं मनात आहे? जरूर करा! महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलंय. पण इथे गोंदियात अशी मोठी गाडी पाळायची, तर तिचा पहिला शत्रू म्हणजे ऊन. मे महिन्याच्या उन्हात छताच्या सांध्यांतल्या सीलंटला तडे जातात आणि मृगाचं पाणी तिथूनच आत झिरपतं. म्हणून रोहिणी लागताच शिडी लावा, छतावरच्या झरोक्यांच्या कडेने बोट फिरवा. केसाएवढी भेग लागली तरी लगेच भरा. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवरचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर आता बदलाच. आणि धानकापणीनंतर उंदीर वायरिंगवर येतात, खालची भोकं तारेच्या जाळीने बुजवा.