बेडकाची शेपटी आणि आतड्यातला कोंब

पावसाळ्यात डबक्यातल्या बेडकाच्या पिल्लाची शेपटी गळून पडत नाही, जागच्या जागी विरघळते. १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांना त्या शेपटीतच कोलॅजेन, म्हणजे ऊतींना बांधून ठेवणारं प्रथिन, कापणारं विकर, म्हणजे एन्झाइम, सापडलं. याच कुळातली विकरं आपल्या ऊतींतही असतात. जखम भरताना ती कामी येतात. मोठ्या आतड्यात मात्र अस्तरावर वाटाण्याएवढा कोंब, पॉलिप, असतानाच त्याच्या पेशी एमएमपी-७ हे विकर बनवू लागलेल्या आढळतात. ते नुसतं पेशींभोवतीचं कुंपण तोडत नाही, वाढीचे अडकलेले संकेतही मोकळे करतं. असा कोंब पुढे कर्करोगाकडे वळू शकतो आणि हे सारं बहुधा न दुखता चालतं, याचीच मला धास्ती वाटते. कोंबामुळे शौचावाटे रक्त गेलं तरी आपण ते मूळव्याध म्हणून सोडून देतो. खरं तर आतडं दुर्बिणीने तपासताना असा कोंब तारेच्या फासाने तिथेच कापून काढता येतो.