लहरींचे वाचन – लेखांक ४ : किनाऱ्यावरून जहाजांचे अंकीय संकेत

अँटेनावर आलेल्या रेडिओलहरीचे अंकांत रूपांतर कसे होते, आणि एकदा ते झाले की पूर्वी कॉइल व कपॅसिटर करीत असलेले काम संगणकातील प्रोग्रॅमकडे कसे सोपवता येते, याचे विवेचन मागील लेखांकात झाले. नवशिक्याने प्रत्यक्ष ग्रहणासाठी कोणता अंकीय संकेत आधी निवडावा, हा या लेखांकाचा विषय असून उरण ते मुरूड या पट्ट्यात राहणाऱ्यांच्या बाबतीत त्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे : जहाजांचा ‘एआयएस’ संकेत. मुंबई बंदराकडे आणि १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराकडे जाणारी मोठी जहाजे मांडवा, किहीम, थळ यांच्या समोरच्या समुद्रातून ये-जा करतात; ती रात्रंदिवस आपली ओळख प्रक्षेपित करीत असतात, आणि तो संकेत सर्वांनी ऐकावा याच हेतूने बनवलेला असल्यामुळे त्याच्यावर कोणतेही सांकेतिक कुलूप नसते.

एआयएस म्हणजे जहाजांची स्वयंचलित ओळख प्रणाली. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरील मालवाहू जहाजांवर आणि सर्व प्रवासी जहाजांवर ती २००४ च्या अखेरीपर्यंत सक्तीची झाली. ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या दोन जहाजांची न्हावा-शेवा बंदराजवळ टक्कर होऊन कंटेनर समुद्रात पडले आणि तेलाचा तवंग रायगडच्या किनाऱ्याला लागला. इतक्या गजबजलेल्या जलमार्गावर प्रत्येक जहाजाला दुसऱ्याची जागा, दिशा आणि वेग कळणे किती महत्त्वाचे आहे, हे त्या दुर्घटनेने येथील लोकांना दाखवून दिले.

साधनसामग्री थोडीच लागते. दूरचित्रवाणीसाठी बनवलेल्या स्वस्त यूएसबी डोंगलमधील ‘आरटीएल २८३२यू’ ही चिप लहरींचे कच्चे नमुनेही संगणकाला देऊ शकते, हे फिनलंडमधील अँटी पालोसारी यांच्या निरीक्षणातून पुढे आले, आणि २०१२ मध्ये इतर प्रोग्रॅमरांनी त्यावर उभारलेल्या मुक्त सॉफ्टवेअरमुळे त्या डोंगलचा सर्वसाधारण रिसीव्हर झाला. ‘आर८२०टी’ हा ट्यूनर असलेले डोंगल सुमारे २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा ऐकते आणि सेकंदाला सुमारे २४ लाख नमुने भरवशाने देते. एआयएसच्या १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन वाहिन्यांमध्ये केवळ ५० किलोहर्ट्झचे अंतर असल्याने त्या दोन्ही एकाच वेळी त्या नमुन्यांत सहज सामावतात. जुन्या पद्धतीने यासाठी दोन स्वतंत्र रिसीव्हर लागले असते. येथे एकाच नमुनाप्रवाहातून प्रोग्रॅम दोन्ही वाहिन्या वेगळ्या काढतो, आणि सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओचे खरे सामर्थ्य यातच आहे.

संकेताची रचना मुद्दाम सविस्तर पाहण्यासारखी आहे. प्रत्येक वाहिनीवरील एका मिनिटाचे २२५० समान भाग केलेले असतात आणि आरक्षित आसनाप्रमाणे प्रत्येक जहाज आपला पुढचा भाग आधीच राखून ठेवते, त्यामुळे बहुतेक वेळा दोन जहाजांचे बोलणे एकमेकांवर आदळत नाही. एक भाग सुमारे २६.७ मिलिसेकंदांचा असतो व त्यात २५६ बिट, म्हणजे शून्य किंवा एक या अंकांच्या २५६ जागा, मावतात. लहरीची वारंवारता किंचित वर किंवा किंचित खाली सरकवून हे बिट पाठवले जातात; मात्र वर म्हणजे एक आणि खाली म्हणजे शून्य असा थेट संबंध नसून, आधीच्या स्थितीत बदल झाला तर शून्य आणि न झाला तर एक, असा नियम आहे. संदेशाच्या दोन्ही टोकांना ०११११११० ही खूण असते. हाच क्रम मजकुरातही योगायोगाने आला तर संदेश संपला असा गैरसमज होईल, म्हणून सलग पाच एक आले की पाठवणारे यंत्र एक जादा शून्य घालते आणि वाचणारा प्रोग्रॅम तो काढून टाकतो. शेवटी १६ बिटांचा पडताळा अंक येतो. तो जुळला नाही तर संपूर्ण संदेश टाकून दिला जातो. म्हणूनच अंकीय ग्रहणात खरखरीसह अर्धवट ऐकू येणे हा प्रकार जवळजवळ नसतो.

‘एआयएस-कॅचर’सारख्या मोफत प्रोग्रॅममधून या बिटांचे वाचन झाल्यावर जहाजाचा नऊ अंकी क्रमांक मिळतो. तो ४१९ ने सुरू झाला तर जहाज भारतीय आणि ६३६ ने सुरू झाला तर लायबेरियात नोंदलेले असते. अक्षांश व रेखांश मिनिटाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत दिलेले असतात. चालते मोठे जहाज दर २ ते १० सेकंदांनी आपले स्थान कळवते आणि नांगरलेले जहाज दर ३ मिनिटांनी. मात्र नावासह पूर्ण माहिती ६ मिनिटांनी एकदाच येते, त्यामुळे ती दिसेपर्यंत थोडा धीर धरावा लागतो.

यश मात्र प्रोग्रॅमपेक्षा अँटेनावर आणि जागेवर अधिक अवलंबून असते. या वारंवारतेची तरंगलांबी सुमारे १.८५ मीटर असल्याने तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटरची उभी तार आणि तिच्या तळाशी तेवढ्याच लांबीच्या तीन-चार तारा, एवढे पुरते. ती जमिनीपासून ९ मीटर उंच असेल आणि जहाजाची अँटेना २५ मीटर उंच असेल, तर रेडिओक्षितिज सुमारे ३३ किलोमीटरवर पडते. साध्या पातळ केबलच्या १० मीटर लांबीत सुमारे एक तृतीयांश शक्ती वाया जाते, म्हणून डोंगल अँटेनाजवळ ठेवून पुढे यूएसबी केबल लांबवणे चांगले. मुंबईची प्रबळ एफएम केंद्रे स्वस्त ट्यूनरला दडपतात. त्यावर एफएम रोखणारा फिल्टर हा उपाय आहे. खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवे पडतात, तेव्हा पावसाळ्यापूर्वी ते जलरोधक टेपने गुंडाळावेत आणि विजा चमकत असताना केबल काढून ठेवावी.

गोंगाटापासून दूर जाण्याचा धडा अलिबागला शतकापूर्वीच गिरवला गेला आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, तेव्हा कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडणार, हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभी राहिली आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुनी मालिका नव्या जागेशी जोडली गेली. आज घराघरांतील हलके चार्जर आणि एलईडी दिवे तोच उपद्रव रेडिओला करतात; अँटेना त्यांच्यापासून काही मीटर दूर नेली तरी फरक दिसतो, आणि तो मोजण्याची रीतही कुलाबा-अलिबागचीच ठेवावी, म्हणजे दोन जागी तेवढाच वेळ नोंद घेऊन संदेशांची संख्या ताडून पाहावी.

या नकाशावर समुद्र पूर्ण दिसतो असे मात्र समजू नये. लहान मासेमारी होड्यांवर ही यंत्रणा बहुधा नसते, म्हणून घरगुती ग्रहणावर विसंबून कोणीही होडी हाकू नये. बिनतारी यंत्रांचे नियम दूरसंचार विभागाकडून तपासून घ्यावेत, खासगी संभाषणाच्या वाटेला जाऊ नये आणि परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळवल्याखेरीज काहीही प्रक्षेपित करू नये. पुढील लेखांकात १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मेटिऑर हवामान उपग्रहांची चित्रे घेण्याची पद्धत पाहायची आहे. तोपर्यंत वाचकांनी ही ४६ सेंटिमीटरची अँटेना बांधून निदान एक दिवसाची नोंद जवळ ठेवावी.