दुकानाच्या भिंती तपासून घ्या

डिंभे परिसरातील ज्या बांधवांचे दुकान, कारखाना वा बिऱ्हाड जुन्या दगड-मातीच्या इमारतीत आहे, त्यांनी किल्लारी विसरू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे मातीत रचलेल्या जाड भिंती फुटल्या, जड माळवदे झोपलेल्यांवर कोसळली, हजारो जीव गेले. ११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप तर आपल्याच सह्याद्रीतला. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत नव्हे. आतला व बाहेरचा थर आरपार दगडांनी बांधलेला नसेल, तर हादऱ्याने दोन्ही सुटतात. आमची विनंती आहे की, ईदच्या रंगरंगोटीआधी इंजिनिअर व जाणत्या गवंड्याकडून भिंती तपासून घ्याव्यात, आरपार दगड बसवावेत आणि पोटमाळ्यावरचा जड माल खाली उतरवावा.