चारशे मीटरांचा वाटा : जॉन बॅक्स्टर टेलर

आमच्या विद्यालयाच्या क्रीडामहोत्सवात रिले शर्यतीची वेळ आली की सारे वसतिगृह मैदानाभोवती गोळा होते. या शर्यतीत विजय एकट्याचा नसतो, तसा पराजयही एकट्याचा नसतो. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने एका धावपटूची ओळख करून द्यावी, असे आम्हांस वाटले.

जॉन बॅक्स्टर टेलर यांचा जन्म १८८२ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे झाला. त्यांचे आईवडील एकेकाळी गुलामगिरीत होते. पुढे हे कुटुंब फिलाडेल्फिया शहरी स्थायिक झाले. गुलामगिरी कायद्याने संपली होती, परंतु काळ्या व गोऱ्यांना वेगळे ठेवण्याच्या प्रथेवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये मान्यतेची मोहोर उमटविली होती. अशा काळात टेलर पेनसिल्व्हानिया विद्यापीठात शिकले. ४४० यार्डांच्या शर्यतीत १९०४, १९०७ व १९०८ अशी तीन वर्षे ते आंतरमहाविद्यालयीन विजेते ठरले आणि १९०८ मध्येच त्यांनी पशुवैद्यकाची पदवी मिळविली.

त्याच वर्षी लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत चार धावपटू होते : तीन अमेरिकन आणि एक ब्रिटिश. कार्पेंटर या अमेरिकन धावपटूने ब्रिटनच्या हॅल्स्वेल यांची वाट अडविली, असा निर्णय पंचांनी दिला. शर्यत रद्द झाली, कार्पेंटर बाद ठरले व उरलेल्या तिघांनी पुन्हा धावावे असे ठरले. निषेध म्हणून टेलर व त्यांचे सहकारी रॉबिन्स उतरलेच नाहीत. हॅल्स्वेल एकटेच धावले आणि विजयी ठरले. दोष टेलर यांचा नव्हता, पण वैयक्तिक पदकाची संधी गेली ती गेलीच.

त्याच दिवशी, २५ जुलै रोजी, संमिश्र रिलेची अंतिम शर्यत होती. हिच्यात चौघांचे अंतर सारखे नसे. पहिले दोघे प्रत्येकी २००, तिसरा ४०० आणि चौथा ८०० मीटर धावे. हॅमिल्टन व कार्टमेल यांच्यानंतर तिसरा टप्पा टेलर यांनी पार पाडला व शर्यत शेपर्ड यांच्या हवाली केली. अमेरिकेने ३ मिनिटे २९.४ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणारे टेलर हे पहिले आफ्रिकन-अमेरिकन ठरले.

परंतु जीवन अनित्य आहे. २ डिसेंबर १९०८ रोजी विषमज्वराने त्यांचे निधन झाले. वय अवघे सव्वीस. पदवीचा उपयोग करावयास त्यांना अवधीच मिळाला नाही.

तरीही त्यांची धाव व्यर्थ गेली, असे आम्ही म्हणणार नाही. १९०४ मध्ये जॉर्ज पोज यांनी कांस्यपदके मिळविली होती, १९२४ मध्ये डीहार्ट हबर्ड यांनी लांब उडीत वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले आणि १९३६ मध्ये जेसी ओवेन्स यांनी बर्लिनमध्ये चार सुवर्णपदके जिंकली. या पिढ्यांच्या रिलेतही टेलर यांचा एक टप्पा आहे. बाबासाहेबांनी आम्हांस शिक्षणाची वाट दाखविली, म्हणून टेलर यांची पदवी आम्हांस त्यांच्या पदकाइतकीच मोलाची वाटते. या वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्यालाही असाच एक टप्पा येतो. तो किती लांबीचा असेल, हे आपल्या हाती नाही. तो सचोटीने धावून पुढच्याच्या स्वाधीन करणे मात्र आपल्या हाती आहे.