काचेतून गाळलेला प्रकाश

कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये पूर्वेच्या भव्य खिडकीतून सकाळचे ऊन आत उतरते, तेव्हा ते ज्या रंगीत काचांतून गाळून येते, त्या इंग्लंडच्या उत्तरेकडील न्यूकॅसल नगरात विल्यम वेल्स (१८०८–१८८१) याच्या कारखान्यात घडल्या, हे पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ उभारलेली आणि १८५८ मध्ये उपासनेस खुली झालेली ती वास्तू पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते.

वेल्सचा मूळ धंदा किराणा व चहाचा. परंतु कलेची ओढ अशी की, घरामागच्या परसात लहानशी भट्टी घालून तीत भाजलेले मिन्याचे शोभिवंत जिन्नस तो आपल्याच दुकानात विकू लागला, आणि पुढे जर्मनीत रंगीत काचांच्या विद्येचा अभ्यास करून आल्यावर १८३८ मध्ये त्याने स्वतंत्र कारखाना काढला. त्या काळी मध्ययुगीन गॉथिक शैलीच्या पुनरुज्जीवनाला भरती आली होती. तिचा अध्वर्यू ऑगस्टस प्युजिन यानेही १८४२ पासून तीनेक वर्षे आपल्या खिडक्यांचे काम वेल्सकडे सोपविले.

हे काम मोठ्या चिकाटीचे. प्रथम खिडकीएवढे रेखाचित्र काढावयाचे. मग कोबाल्टाने निळी, तांब्याने तांबडी झालेली काच त्याबरहुकूम कापावयाची. मुखावरचे भाव व वस्त्रांच्या चुण्या काळपट रंगाने रेखून, पिवळ्या छटेसाठी रुप्याच्या क्षाराचा लेप देऊन, तुकडे भट्टीत भाजावयाचे. आणि अखेरीस शिशाच्या पट्ट्यांनी ते असे सांधावयाचे की, सांधा हीच चित्राची रेषा व्हावी. इतक्या हातांच्या श्रमांतून सिद्ध झालेल्या खिडकीवर नाव उरते ते एकट्या कारखानदाराचे. वेल्सची थोरवी सांगताना त्या अनाम कारागिरांचे ऋणही मानलेच पाहिजे.

धंद्यात मिळविलेल्या पैशांतून वेल्सने गेट्सहेड येथे सॉल्टवेलचा वाडा व विस्तीर्ण बाग उभी केली. परंतु पुढे आर्थिक ओढाताण होऊन ती सारी मालमत्ता नगरपालिकेला ३५,००० पौंडांस विकावी लागली, आणि त्याच वाड्यात तो अखेरपर्यंत भाडेकरू म्हणून राहिला. बाग १८७६ मध्ये सार्वजनिक उद्यान झाली. ती आजही लोकांची आहे.

मुंबईकर वाचकांनी अफगाण चर्चमधील पूर्वेची खिडकी सकाळी आणि पश्चिमेची सायंकाळी, सूर्य समोर असताना, एकदा तरी स्वस्थपणे उभे राहून पाहावी.